मदत हवी आहे: एकूण टक्केवारी उलटते कशी, हे वर्गात कसं शिकवावं?

प्रथम वर्षाच्या संख्याशास्त्रात सिम्पसनचा विरोधाभास (एकूण आकड्यांत दिसणारा कल गट पाडल्यावर उलटतो, तो) शिकवायचा आहे. उदाहरण बर्कली विद्यापीठाच्या १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांचं घेतलंय. 'आर' या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये सहा विभागांचं कोष्टक तयार मिळतं. २६९१ पुरुषांपैकी ११९८ निवडले गेले (४४.५%), १८३५ स्त्रियांपैकी ५५७ (३०.४%). पण सहापैकी चार विभागांत स्त्रियांचं प्रमाण जास्त! मुलं टक्केवारी बिनचूक काढतात, व्याख्याही पाठ असते. "उलटलं नेमकं कुठे?" म्हटलं की गप्प. एका तासिकेत बसेल असं काही सुचवाल का?

छेदगणित:
विरोधाभासाचं नाव शेवटपर्यंत घेऊ नका. आधी फक्त एकूण आकडे द्या आणि निष्कर्ष वहीत लिहून घ्या. मग विभागवार निवडीची टक्केवारी द्या, स्त्री-पुरुष एकत्र: अ ६४, ब ६३, क ३५, ड ३४, ई २५, फ ६. त्यानंतर एकच प्रश्न: कोणी कुठे अर्ज केले? अ आणि ब मिळून पुरुषांचे १३८५ अर्ज, म्हणजे निम्म्याहून जास्त. स्त्रियांचे अवघे १३३, जेमतेम ७%. उलटापालट इथे होते. अंशाकडे सगळे बघतात, छेद कशाचा बनलाय ते कोणी विचारत नाही.

आता हातानं करायला लावा: प्रत्येक विभागातलं स्त्रियांचं निवडप्रमाण गुणिले त्याच विभागातले पुरुष अर्जदार. अ मध्ये ८९/१०८ × ८२५ = सुमारे ६८०. सहांची बेरीज सुमारे १३८९ येते. भागिले २६९१ केलं की ५१.६%. स्त्रियांच्या अर्जांची वाटणी पुरुषांसारखी असती, तर ३०.४ चे ५१.६ झाले असते. साधी सरासरी का चालत नाही, ते इथे आपोआप कळतं: ब विभागात स्त्रिया फक्त २५, फ मध्ये ३४१, दोन्ही विभागांना सारखं वजन कसं देणार?

मूळ प्रश्नकर्ता:
ही गुणाकाराची पायरी माझ्याकडे नव्हतीच. आभार! "म्हणजे भेदभाव नव्हता" असं लिहिलं तर गुण द्यावेत का?

छेदगणित:
पूर्ण नकोत. निवडप्रमाण कमी असलेल्या विभागांकडे स्त्रिया का वळल्या, हे या कोष्टकात नाही. आणि "नेहमी गट पाडून बघावं" हा नियमही शिकवू नका. औषधामुळे रक्तदाब उतरतो आणि त्यातून रुग्ण बरा होतो, अशा वेळी उपचारानंतरच्या रक्तदाबावर गट पाडले, तर औषधाचा परिणामच झाकला जातो. परीक्षेत बर्कलीचं आणि अशा औषधाचं, दोन्ही कोष्टकं शेजारी द्या, गट पाडावेत की नाही ते कारणासहित विचारा.