मदत हवी आहे: सेल्फ-पोर्ट्रेटमध्ये इरकलीचा तुकडा कसा चिकटवावा?

१८ बाय २४ इंची, ३ मिमी एमडीएफवर (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड) मिश्र माध्यमातलं सेल्फ-पोर्ट्रेट चालू आहे. जेसोचे (रंगाआधी लावायचं पांढरं अस्तर) दोन हात, त्यावर घरातल्या मोडी कागदांच्या झेरॉक्स, चेहरा अ‍ॅक्रिलिकमध्ये, आणि गळ्याखाली आजीच्या इरकली नऊवारीचा काठासकट तुकडा. प्रती लेझरच्याच घेतल्या. इंकजेटची शाई फेव्हिकॉलच्या ओलाव्याने लगेच फुटते.

अडतंय ते कापडापाशी. फेव्हिकॉलमध्ये निम्मं पाणी घातलं तर तो कापडातून वर झिरपतो आणि वाळल्यावर चकाकणारे डाग दिसतात. घट्ट लावला तर काठाशेजारी बारीक सुरकुत्या: सुती अंग ओलं होऊन हलतं, काठाची दाट वीण जागची हलत नाही. मॅट जेल मीडियम (गोंदासारखं चालणारं, न चकाकणारं घट्ट अ‍ॅक्रिलिक माध्यम) फक्त बोर्डावर पातळ पसरून कोरडं कापड रोलरने दाबलं तर जमेल का? काठ वेगळा कापायचा नाही. अंग आणि काठ एकत्र विणलेले आहेत, चित्राचं म्हणणंच ते आहे.

एका बाजूने ओला होऊन बोर्डही वाकतोय. मागून जेसोचे दोन हात पुरतील, की लाकडी पट्ट्या माराव्यात?

शेवटचं मॅट व्हार्निश कापडावर मारावं की तेवढा भाग झाकावा? सुताचा पोत मरायला नको.