बॉबिन केसचा स्क्रू आधी आवळू नका
जुनं शिलाई मशीन जड चालतंय आणि कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतोय, असा प्रश्न आहे. गुंत्यासाठी दोघांनी बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याची रीळ बसते ती डबी) स्क्रू आवळायला सांगितलंय. त्याला एवढ्यात हात नको. खाली साचतो तो बहुतेक वेळा वरचाच दोरा. ढिलाई वरच्या टेन्शनमध्ये (दोऱ्याच्या ताणात) असते. खात्रीसाठी वर लाल, खाली पांढरा दोरा घालून बघा. कापड दाबणारा फूट उचलून (बहुतेक मशीनमध्ये टेन्शनच्या चकत्या तेव्हाच सैल होतात) दोरा पुन्हा ओवा, तो चकत्यांच्या मधोमध बसायला हवा. सुईची लांब खाच ज्या बाजूला, त्याच बाजूने दोरा ओवायचा.

जड चालण्याचं म्हणाल तर जुनं तेल वाळून डिंक झालं असणार. त्यावर नवीन तेल ओतून भागत नाही. सांध्यांत रॉकेलचे थेंब सोडा (आगीपासून लांब!), हातचाक फिरवत राहा, काळी घाण पुसा, मग शिलाई मशीनचंच तेल. स्वयंपाकाचं अजिबात नको. आणि सोनेरी नक्षीवर स्पिरिट फिरवू नका, शेलॅकचा (लाखेच्या पॉलिशचा) थर असेल तर विरघळतो.

पायमशीन असेल तर हे सगळं करण्याआधी पट्टा काढून हातचाक फिरवा. सहज फिरलं, तर दोष खाली पायडलकडे.