लॅपटॉप झोपवायची तुमची सवय कोणती? अनुभव सांगा

धंतोलीची_लेक
काल भाचीच्या लॅपटॉपवर लाईटबिल भरून राहिली होती, काम झालं आणि बोटांनी आपोआप विंडोज-एक्स दाबलं, मग यू, मग एस. स्क्रीन काळी. भाची म्हणे मावशी, माऊसला हात न लावता कसा काय झोपवला? आणि मला बाबाच आठवले एकदम. रिटायर झाल्यावर त्यांनी लॅपटॉप घेतला, एका उन्हाळ्यात टचपॅड बिघडला तर दुरुस्तीला देऊच दिला नाही, म्हणे कीबोर्डवर जमते ना सगळं. मग एका चिठ्ठीवर निळ्या पेनने लिहिलं, "विंडोज + एक्स, बोट सोडा, यू, एस = झोप" आणि स्क्रीनच्या खाली सेलोटेपने चिकटवलं. मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या वर, दीड वाजता जेवण झालं की आधी लॅपटॉप झोपायचा मग कूलरसमोर बाबा. एस या बटणावरचं अक्षर अर्धं पुसलं होतं. या वैशाखात त्यांना जाऊन दोन वर्षं होतात. तुमच्याकडे कोण कसं झोपवते ते लिहा ना.

तर्रीपोहा
विंडोज-डी, मग ऑल्ट-एफ४, बाणाने स्लीपवर आणायचं, एंटर. पण डेस्कटॉप समोर असला तरच बरं का, नाही तर जी फाईल उघडी आहे तीच बंद होते. बाबांचं वाचून गलबललं ताई.

रातपाळी
बाळ चार महिन्याचं आहे, एकाच खोलीत माझं काम आणि त्याचा पाळणा. झाकण लावलं की बिजागरी कट्ट करते आणि हा जागा! तेव्हापासून एक्स-यू-एसच. अंधारात सापडावं म्हणून यू वर टिकलीचा ठिपका लावला बायकोने. हे पोस्ट पण एका हाताने टाईप करून राहिलो, दुसऱ्या हातात दोरी आहे.

कूलरचीखस
@रातपाळी दादा बाळाला कूलरच्या थेट वाऱ्यात नका ठेवू, आमच्या छोट्याची छाती भरली होती मागच्या वर्षी. खिडकी थोडी उघडी ठेवा म्हणजे दमटपणा निघून जाते.

रातपाळी
हो ताई, पाळणा कोपऱ्यातच आहे.

सेवाग्रामने_येजा
स्लीप करून बॅगेत टाकू नका रे कोणी! मी नागपूरला टाकला, सकाळी दादरला काढला तर इस्त्रीसारखा गरम आणि बॅटरी खलास. नवीन लॅपटॉपमध्ये स्लीप म्हणजे पुरी झोप नसते, आतून थोडा जागाच राहते, नेट पण चालू राहू शकते. जुन्या पद्धतीतही रॅमला करंट लागतोच, बॅटरी संपली की सेव्ह न केलेलं गेलं. आता प्रवास असला की एस ऐवजी एच दाबतो, हायबरनेट. सगळं डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद. मेनूत हायबरनेट दिसत नसेल तर कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन टिक करा.

मनीमाऊ_महाल
आमचा रात्री दोनला आपोआप उजळायचा, सासूबाई घाबरल्या, म्हणे काही तरी आहे घरात. नवऱ्याने कमांडमध्ये पॉवरसीएफजी लिहून स्पेस देऊन स्लॅश लास्टवेक टाकलं तर माऊस निघाला. मांजर टेबलवर झोपते ना, तिचं शेपूट लागायचं. डिव्हाईस मॅनेजरमध्ये माऊसचं ते जागं करायचं टिक काढलं, तेव्हापासून सासूबाई पण शांत झोपतात आणि मांजर पण.

सीताबर्डी७२
विंडोज-एल नं नाही होत का? मी तेच दाबतो रोज.

तर्रीपोहा
नाही काका, ते फक्त कुलूप. आतून चालूच राहते, पंखा ऐका.

सीताबर्डी७२
बरं झालं सांगितलं. नातवाला दाखवतो आज.

हिंगणारोड
थिंकपॅडवाले, तुमच्या ४ वर बघा, नवीन मॉडेलमध्ये एफएन-४ दाबलं की झोपते. ऑफिसात आम्ही सगळे चहाला उठताना तेच करतो. मॅकवाल्या मैत्रिणीला विचारलं तर ती कंट्रोल-कमांड-क्यू सांगते पण ते लॉकच आहे, स्लीप तिच्या ॲपलच्या मेनूत मिळते.

कूलरचीखस
काकू, ती चिठ्ठी आहे का अजून?

धंतोलीची_लेक
आहे ना. लॅपटॉप गेला पण स्क्रीनखालचा तो कागद मी ब्लेडने हळूच सोडवला, सेलोटेप पिवळा पडलाय, "बोट सोडा" च्या खाली त्यांनी दोन रेघा मारल्या आहेत. कारण आई एक्स दाबून धरून ठेवायची आणि विचारायची, काहून नाही झोपत हा? काल भाचीला दाखवला तर तिने फोटो काढला. @सेवाग्रामने_येजा भाऊ, एच चं मला माहीत नव्हतं, भाचीला दिवाळीत पुण्याला जायचं आहे, तिला आजच सांगते.