‘नॉइज’ला खरखर म्हणायचं का?

पानसुपारी
आमच्या संगीत मंडळात बहुतेक जण साठीच्या पुढचे. जुनी ध्वनिमुद्रणं आता सगळ्यांच्या संगणकावर आहेत आणि मंडळी घरात पडलेला कुठलातरी हेडफोन खुपसून ऐकतात. म्हणून मंडळाने दोन पानी पत्रक काढायचं ठरवलं : आहे त्याच संगणकावर जरा बरं कसं ऐकता येईल. मसुदा एका उत्साही मुलाने लिहिलाय, तपासायला माझ्याकडे आलाय. त्यात एक वाक्य आहे, ‘खरखर घालवायची असेल तर यूएसबीला लागणारा बाहेरचा डॅक घ्या.’ (डॅक म्हणजे डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर, संगणकातल्या आकड्यांचा आवाज करणारी डबी.) मसुद्यावरच विसंबून एका काकांनी डॅक मागवला, अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका लावली, तर खरखर जागच्या जागी. म्हणाले, आता तर जास्तच स्पष्ट ऐकू येते! येणारच. ती तबकडीची खरखर. मुलाच्या मनात होता संगणकाच्या पोटातून येणारा आवाज. इंग्रजीत दोन्हीला ‘नॉइज’ म्हणून भागतं. मराठीत काय लिहिलं म्हणजे पुढचे काका फसणार नाहीत? याच मसुद्यात ‘साउंडस्टेज’चं ‘ध्वनिमंच’ केलंय, तेही बघा.

मंद्रसप्तक
खरखर हा शब्द तबकडीलाच द्या, तिचाच आहे तो. मीडियम वेव्हवर रात्री स्टेशन लावताना यायची तीही खरखरच. कोरडी, दाणेदार आणि जरा अनियमित. संगणकातून येतं ते वेगळंच काहीतरी. माझ्याकडे माउस हलवला की बारीक चिरका आवाज येतो, पान वरखाली केलं की त्याचा सूर बदलतो. त्याला मी किरकिर म्हणेन. रातकिड्यांची असते तशी.

नीरक्षीर
इतकी ओढाताण कशाला? शब्द तयार आहे : रव. नीरव शांतता आपण सगळेच लिहितो. निः अधिक रव, म्हणजे रव नसलेली. मग जो नसावा असं वाटतं तोच रव. ‘संगणकाचा रव’ आणि ‘तबकडीचा रव’, मिटलं. कलरव आहे, आणि कोंबडा आरवतो तोही ह्याच कुळातला.

कोपरखळी
‘तबकडीचा रव’ वाचून काका म्हणतील, तूप रवाळ असतं हे माहीत होतं, तबकडी पण?

सोल्डरवाला
कोपरखळी, तुम्ही गमतीत म्हणालात पण तबकडी खरंच रवाळ असते. ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेच्या, आणि त्या लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असायची. सुई खाचेच्या मापाने झिजून तिच्यात नीट बसावी म्हणून. म्हणजे सुई पूडीवरूनच घासत जाते आणि आपण ते ऐकतो. पानसुपारीताई, ती खरखर ध्वनिमुद्रणातच छापली गेलीय. कितीही भारी डॅक लावा, तो इमानदारीने तीही ऐकवणार. ती कमी करायला सॉफ्टवेअर लागतं, आणि त्याचा हात जरा जड पडला की तानपुऱ्याची जवारीही, म्हणजे तारांचा तो भरलेला गुंजारवही, धुऊन निघते.

नीरक्षीर
जवारी जाते हे मान्य. पण ‘रव’चं काय ते बोला.

बडोदेकर
आमचे गुजराती शेजारी नॉइजला ‘घोंघाट’ म्हणतात. आपला गोंगाट त्याचाच भाऊ दिसतो. पण गोंगाट माणसांचा, डॅकचा नव्हे.

आजीची_नात
मला वाटतं मराठीची अडचण उलटीच आहे. एक शब्द नाही म्हणून आपण रडतोय, आणि दहा शब्द आहेत ते वापरत नाही. खरखर, किरकिर, घरघर, भुणभुण, सूं, घूं. आजीच्या मिक्सरला काय झालंय ते ती फोनवर नुसत्या आवाजाच्या नावाने दुरुस्तीवाल्याला सांगायची आणि तो हवा तो सुटा भाग घेऊन यायचा.

सोल्डरवाला
ताई, अगदी हेच. माझ्याकडे लोक संगणक घेऊन येतात तेव्हा मी आधी आवाजाची नक्कल करायला लावतो. लाजतात, पण करतात.

किरकिर, आणि ती माउसबरोबर बदलते : साउंडची चिप मदरबोर्डवर, शेजारी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड सारखी कमीजास्त वीज ओढतायत, त्याचा उपद्रव आवाजाच्या वाटेवर उमटतो. हेडफोन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमध्ये असेल तर आधी मागच्या जॅकमध्ये लावून बघा. पुढच्या जॅकची वायर अख्ख्या डब्यातून ग्राफिक्स कार्डाला खेटून येते. एक पैसा खर्च न करता निम्म्या लोकांचं काम तिथेच होतं. नाही झालं तर मात्र बाहेरचा डॅक. आकड्यांचा आवाज करायचं काम डब्याबाहेर गेलं की किरकिर बहुधा जाते. मुलाचं वाक्य ह्या आवाजापुरतं बरोबर आहे.

सूं : माउस हलवा न हलवा, गाणं थांबवा न थांबवा, एकसारखी. ती बहुतेक अ‍ॅम्पची, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या भागाची. कानात बसणारे इअरफोन फार संवेदनशील असले की ऐकू येते. अ‍ॅम्पवर गेनचं, म्हणजे आवाज किती पट वाढवायचा त्याचं, बटण असतं, ते खाली करा.

घूं : ही विजेची. डॅकला वीज यूएसबीतून मिळतेय, पण अ‍ॅम्पची स्वतःची तीन पिनांची वायर भिंतीत, संगणकाचीही भिंतीत, दोन्हीकडून अर्थिंग आणि मधे वळसा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घूं गेली तर डॅक बदलून उपयोग नाही, दोष जोडणीत आहे.

मंद्रसप्तक
घूं वर एक गंमत. आपली वीज ५० हर्ट्झची. पेटीच्या पट्ट्यांच्या हिशोबाने बघाल तर ४९ हर्ट्झला पांढरी पाचचा अगदी खालचा षड्ज येतो. म्हणजे महावितरण पांढरी पाचच्या किंचित चढ्या खर्जात अखंड सूर धरून बसलंय. माझी पट्टी काळी चार, त्यामुळे ते घरात सतत बेसूर वाटतं. पांढरी पाचमध्ये गाणाऱ्यांचं बरं आहे.

गिरगावकर
बेसूर वाटतं त्यांनी नाही तरी ‘किंचित चढी’ म्हणजे किती चढी ते सांगावं. जवळजवळ एक तृतीयांश अर्धस्वर चढी आहे. पांढरी पाचवाल्यांचंही काही बरं नाही.

नीरक्षीर
सोल्डरवाले, ‘घूं’ पत्रकात छापणार? छापील मराठीला काही इभ्रत आहे की नाही? अर्थिंगला भूसंपर्कन आहे, इम्पिडन्सला संरोध आहे. शब्द घडवणाऱ्यांनी कष्ट घेतले ते वाया घालवायचे, आणि घूं, सूं लिहायचं?

सोल्डरवाला
संरोध चांगला शब्द आहे हो, मला आवडतो. पण हेडफोनच्या खोक्यावर काकांना त्याचं माप म्हणून ओहमचं चिन्ह दिसणार, संरोध दिसणार नाही. दुकानात जाऊन ‘कमी संरोधाचा द्या’ म्हणाले तर दुकानदार आत जाऊन मालकाला विचारून येईल.

कोपरखळी
आणि मालक म्हणेल, विरोध कमी असलेला पाहिजे असेल तर घरजावई बघा.

आजीची_नात
पण ओहमचं पत्रकात यायलाच हवं. आमच्या मामांनी परीक्षणं वाचून २५० ओहमचा हेडफोन घेतला, थेट लॅपटॉपला लावला, आणि म्हणतात आवाज फुल्ल केला तरी लांबून येतो.

सोल्डरवाला
साधं गणित आहे. लॅपटॉपच्या जॅकमधून १ व्होल्ट निघतो असं धरा. ३२ ओहमच्या हेडफोनला त्यातून ३१ मिलीवॉट मिळतात, २५० ओहमच्याला फक्त ४. मामांना अ‍ॅम्प लागेल, नाहीतर तोच हेडफोन कमी ओहममध्ये मिळतो का बघा. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० ३२, ८० आणि २५० अशा तिन्ही ओहमांत येतो. ओहम जास्त म्हणजे हेडफोन वरचा, ही समजूत पत्रकातून आधी काढा. उलटी बाजूही लिहा : जॅकचे स्वतःचे ओहम हेडफोनच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावेत, नाहीतर काही हेडफोनांचा खर्ज सुजतो.

मंद्रसप्तक
‘खर्ज सुजतो’ हा शब्दप्रयोग मी उचलला.

पानसुपारी
सगळ्यांचे आभार, पण ध्वनिमंच राहिला. बंद डोळ्यांनी ऐकताना तबला इकडे, पेटी तिकडे, तानपुरे मागे असं जे वाटतं, त्याला मंच म्हणायचं?

मंद्रसप्तक
मंच कशाला, बैठक म्हणा! ‘ह्या हेडफोनची बैठक मोठी आहे.’ कुणालाही समजेल. मागून उघडे असलेले हेडफोन घ्या, बैठक ऐसपैस. बंदवाले घ्या, लोकलच्या डब्यात बसल्यासारखी.

नीरक्षीर
बैठक म्हणजे मीटिंग. ‘हेडफोनची बैठक मोठी’ वाचून लोक विचारतील इतिवृत्त कुठंय. नादावकाश घ्या.

गिरगावकर
नादावकाश म्हणजे सुट्टीत गाणं.

मुळात ज्यांच्यासाठी पत्रक आहे त्यांना ना मंच लागतो ना बैठक. खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांचं सगळं ध्वनिमुद्रण मोनो. दोन्ही कानांत तेच, त्यामुळे गवई, तबला, सारंगी सगळे डोक्याच्या मधोमध एकमेकांच्या मांडीवर बसतात. तुम्ही लाखाचा हेडफोन आणा, ते उठून बाजूला होणार नाहीत. काकांचे पैसे वाचवा.

मंद्रसप्तक
मंडळात काही फक्त १९३७ पर्यंतचंच ऐकत नसतील. स्टिरिओ बैठकीत तबला डावीकडून येतो का, हे ऐकून हेडफोन उलटा घातलाय का ते कळतं, हे तरी लिहा.

गिरगावकर
तबला उजवीकडे असतो. गवयाच्या उजव्या हाताला.

मंद्रसप्तक
गवयाच्या उजव्या हाताला, म्हणजे समोर बसलेल्याच्या डाव्या कानाला. तुम्ही गवई होऊन ऐकता का?

गिरगावकर
मुद्रण करणाऱ्याने कुठल्या बाजूने विचार केला त्यावर आहे. माझ्याकडे दोन्ही प्रकारची आहेत.

आजीची_नात
मधेच एक. हेडफोनला मराठी शब्द कुणी सुचवलाच नाही. आई म्हणते, ‘ते कानातलं काढ आणि जेवायला ये.’ कानात तेव्हा खरोखरचं कानातलंही असतं, त्यामुळे मी रोज विचारते, कुठलं?

नीरक्षीर
श्रवणक.

कोपरखळी
बारावा-तेराव्याला बोलावतील का श्रवणकांना?

बडोदेकर
माझा साधा प्रश्न. सगळे ‘तो डॅक’ लिहितायत. आम्ही घरी ‘ते डॅक’ म्हणतो. यंत्र ते, म्हणून डॅक ते.

नीरक्षीर
मूळ शब्द कन्व्हर्टर. मराठी परिवर्तक. दोन्ही पुल्लिंगी. तो डॅक.

आजीची_नात
र ने संपलं की तो, असं असेल तर मिक्सर, कुकर, कूलर बसतात. पण टायर? माझ्या माहेरी ते टायर, सासरी तो टायर.

सोल्डरवाला
डॅक तो, अ‍ॅम्प तो, पण दोन्ही एकाच डब्यात आले की गिऱ्हाईक ‘ते डॅक-अ‍ॅम्प’ म्हणतात. आणि टाइप-सीला लावायचं बोटभर शेपूट असतं ते डॉन्गल. त्याला ‘तो’ म्हणणारा मला अजून भेटला नाही.

गिरगावकर
मी म्हणतो. तो डॉन्गल.