मदत हवी आहे: कुत्र्याची खाज थांबत नाही, खाण्याची ऍलर्जी ओळखायची कशी?

बंड्याची_आई
आमच्या बंड्याला खाज सुटली आहे आणि काही केल्या थांबत नाही. चिकनचं ड्राय फूड बंद करून लॅम्बचं आणलं. तेही बंद करून माशाचं आणलं. फरक शून्य. रात्रभर पंजे चाटत बसतो. तो चपचप आवाज ऐकत पडून राहायचं, झोप कुठली लागायला. इंजेक्शन दिलं की पंधरा दिवस बरं, मग पहिले पाढे. ऍलर्जीची रक्ततपासणी असते असं ऐकलं. ती करून नक्की कळेल का? कुणी केली असेल तर कृपया लवकर सांगा.

निशिगंध७
वय काय? खाज कुठे कुठे? कधीपासून? बाराही महिने असते की ठरावीक दिवसांत? इंजेक्शन कशाचं? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

डोंगरवाट
आधी पिसवा बघा. आमच्याकडे सहा महिने ऍलर्जी-ऍलर्जी करत बसलो आणि निघाल्या पिसवा. त्या दिसतातच असं नाही. बारीक दातांची फणी पाठीवरून, शेपटीच्या बुडाशी फिरवा. निघालेला काळा चुरा ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसवांची ऍलर्जी असलेल्या कुत्र्याला थोडे चावेही पुरतात.

बंड्याची_आई
पिसवा नाहीत. दर महिन्याला गोळी देते, कधी चुकवलेली नाही. वय ४ वर्षं. पंजे आणि कान. कानाला वास येतो, औषध घातलं की जातो, परत येतो. माझा प्रश्न रक्ततपासणीचा होता.

मी_अनामिक
केस गळत असतील तर रोज विंचरा आणि वारंवार आंघोळ घालू नका. आमच्याकडे ऋतू बदलला की ढिगाने केस निघतात, घाबरायचं कारण नसतं. ब्रश चांगला हवा मात्र.

श्वानसखी
@बंड्याची_आई, रक्ततपासणीवर खर्च करू नका. खाण्याच्या ऍलर्जीसाठी रक्ताची, लाळेची, केसांची तपासणी भरवशाची नाही. निरोगी कुत्र्यांचेही रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' येतात. मग माणूस दहा पदार्थ बंद करतो आणि खाज तिथेच.

खात्रीचा मार्ग एकच, एलिमिनेशन डाएट. पूर्वी कधीच न खाल्लेलं एकच प्रथिन आणि एकच पिष्टमय पदार्थ, किंवा डॉक्टरांकडून मिळणारं हायड्रोलाइज्ड प्रथिनाचं खाणं. त्यात प्रथिनाचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा बहुतेक वेळा त्याला ओळखत नाही. निदान ८ आठवडे, आणि तोंडात दुसरा कणही नाही. ८ आठवडे का? ज्यांना खरंच ही ऍलर्जी असते, त्यांतल्या ९० टक्क्यांहून जास्त कुत्र्यांना तेवढ्या काळात उतार पडतो. दोन आठवड्यांत पडणारे थोडे.

तुम्ही एकेक पाकीट किती दिवस दिलं?

बंड्याची_आई
दहा-बारा दिवस. फरकच पडेना, मग किती दिवस थांबायचं?

निशिगंध७
इथेच गोम आहे. आणि पाकिटाची मागची बाजू वाचा. पुढे मोठ्या अक्षरांत लॅम्ब असतं आणि मागे बारीक अक्षरांत चिकन मील, चिकन फॅट, अंड्याची भुकटी. दुकानातल्या 'एकाच मांसाच्या' पाकिटांतही न लिहिलेलं दुसरं मांस तपासण्यांत सापडलेलं आहे. कारखान्यात यंत्रं तीच असतात.

खडीसाखर
एवढं कशाला? धान्य बंद करा. कुत्रा मुळात मांसाहारी. आमच्या मादीला ग्रेन-फ्री सुरू केलं आणि महिन्यात अंग चकचकीत. सगळी ऍलर्जी गव्हाची असते.

श्वानसखी
सगळी नसते हो. २०१६ साली आधीच्या अभ्यासांतल्या, खाण्याची ऍलर्जी असलेल्या जवळजवळ ३०० कुत्र्यांची माहिती एकत्र केली गेली. त्यात ३४ टक्के बीफला, १७ टक्के दुधाच्या पदार्थांना, १५ टक्के चिकनला आणि १३ टक्के गव्हाला. म्हणजे गहू आहे, पण मांस आणि दूध त्याच्या पुढे. तुमच्या मादीला बरं वाटलं याचा आनंदच आहे, पण त्या पाकिटात धान्याबरोबर मांसही बदललं असेल. आणि ग्रेन-फ्री सरसकट सुचवू नका. अशा खाण्याचा हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये सुरू केली होती. ठाम निष्कर्ष निघाला नाही, पण कारण नसताना कशाला?

खडीसाखर
मी डोळ्यांनी बघितलेलं सांगते आहे. आकडे मला माहीत नाहीत, माझी मादी मला माहीत आहे.

डोंगरवाट
भांडू नका. @बंड्याची_आई, पंजांचे फोटो टाकाल का?

बंड्याची_आई
फोटो चढत नाहीये. सांगते. तो पांढरा आहे, पण बोटांच्या मधले केस गंजासारखे तांबडे झालेत. बोटं फाकवली की कातडी लाल, ओलसर, आंबूस वास. पोटही लाल. शी दिवसातून चार-पाच वेळा होते, पण ती त्याची सवयच आहे. पिल्लू असल्यापासून तो हेच चिकनचं खाणं खातोय, मग आत्ता अचानक ऍलर्जी कशी होईल?

श्वानसखी
जे आयुष्यभर खाल्लं त्याचीच होते. शरीर त्या प्रथिनाला आधी ओळखायला शिकतं, मग बिथरतं. चार-पाच वेळा शी ही 'सवय' म्हणून सोडू नका. पंजे, कान, पोट आणि वरून हे, म्हणजे खाण्याचा संशय घ्यायला जागा आहे. पण धूळ आणि परागकणांची ऍलर्जीही हुबेहूब अशीच दिसते, म्हणूनच ही चाचणी लागते. तांबडा रंग लाळेतल्या रंगद्रव्याचा, वास बहुधा यीस्टचा, म्हणजे एका बुरशीचा. तो संसर्ग आधी डॉक्टरांकडून बरा करून घ्या. नाहीतर खाणं अगदी बरोबर निवडलं तरी खाज राहील आणि तुम्ही म्हणाल, फरक नाही.

काजवा
मांजरांनाही असं होतं का? आमची मांजर मान आणि कानापुढची जागा ओरबाडून ठेवते.

मी_अनामिक
खोबरेल तेल लावा पंजांना. नैसर्गिक आहे.

डोंगरवाट
तो चाटूनच टाकेल. आणि माणसांच्या सर्दी-ऍलर्जीच्या गोळ्या मनाने देऊ नका. काहींत नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन मिसळलेलं असतं, ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. आणखी एक, सगळ्यांसाठीच: तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, तर धागा न काढता सरळ दवाखाना गाठायचा.

निशिगंध७
@बंड्याची_आई, ती दर महिन्याची गोळी चावून खायची आहे का?

बंड्याची_आई
हो, आवडीने खातो. का?

निशिगंध७
कारण तिला बहुधा मांसाची चव लावलेली असते. माशाचं खाणं चालू असताना ती दिलीत तर मोजणी तिथेच बिघडली. जंताची चवदार गोळी, कुत्र्याची टूथपेस्ट, जिलेटिनची कॅप्सूल, चघळायचं हाड, सगळं यात आलं. आणि घरात आणखी कोण काय भरवतं?

बंड्याची_आई
सासऱ्यांचं रोज सकाळी चहाबरोबर एक बिस्किट. दुसरी कुठली गोळी असली की मी ती चीजमध्ये घालून देते. हे मी धरलंच नव्हतं.

डॉक्टरांशी बोलले. त्यांनी हायड्रोलाइज्ड खाणं लिहून दिलंय, कानाचं आणि पंजांचं औषध दिलंय, चवीच्या गोळीऐवजी मानेवर टाकायचं औषध. सासऱ्यांना सांगताना फार जड गेलं, तो त्या वेळेला त्यांच्या खुर्चीशी जाऊन बसतो. आता ते त्याच खाण्यातले चार दाणे खिशात ठेवतात.

श्वानसखी
फार छान केलंत. वहीत रोज खाजेला ० ते १० गुण लिहा. आठवणीवर विसंबलं तर कालची वाईट रात्रच लक्षात राहते. सुरुवातीला खाजेचं औषध चालू ठेवता येतं, पण शेवटी डॉक्टरांना विचारून ते थांबवून बघावं लागेल, नाहीतर गुण खाण्याचा की औषधाचा हे कळणार नाही.

@काजवा, मांजरांनाही होतं, डोकं-मान ओरबाडणं हे तिथलं नेहमीचं लक्षण. चाचणी हीच. मात्र नवीन खाणं नाकारत असेल तर उपाशी ठेवून हट्ट करू नका. मांजर काही दिवस न जेवल्याने यकृतावर बेततं.

बंड्याची_आई
पाचवा आठवडा संपला. ८ वरून ३. शी दोनदाच. खाजेचं औषध दहा दिवसांपासून बंद आहे. मधे एकदा पाहुण्यांनी चीज दिलं, तेव्हा दोन दिवस ५ झाले होते. ८ आठवडे झाले की हेच खाणं कायम ठेवलं तर चालेल ना?

खडीसाखर
अर्थात. बरा झालाय ना? मग मुद्दाम त्रासाचं खायला कशाला घालायचं? मुक्या जिवाचे हाल नुसते.

निशिगंध७
मलाही आधी असंच वाटलं होतं आणि मी परत जुनं खाणं देऊन बघितलंच नाही. पुढच्या वर्षी त्याच सुमाराला खाज परत आली. खाण्याचा संबंधच नव्हता, परागकण होते, ऋतू सरला म्हणून बरं वाटलं होतं. वर्षभर त्याला उगाच एकाच खाण्यावर ठेवलं, ते मला अजून खातं. जुनं खाणं परत देऊन खाज आली तरच निदान पक्कं. बहुतेकांना ती दोन आठवड्यांच्या आत येते. आली की त्याच दिवशी थांबवायचं.

बंड्याची_आई
नववा आठवडा. डॉक्टरांना विचारून रविवारी जुनं चिकनचं खाणं दिलं. सोमवार, मंगळवार काही नाही. मला वाटलं, आपलं चुकलं. बुधवारी रात्री दोन वाजता तो आवाज आला. चपचप. दिवा लावला तर पंजा ओला आणि बोटांच्या मधे लाल. खूप वाईट वाटलं आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा हायसंही वाटलं.

निशिगंध७
खाण्याचीच आहे म्हणजे. परत हायड्रोलाइज्डवर आणा, पूर्ण शांत होऊ द्या. मग एका वेळी एकच पदार्थ, दोन आठवडे. नुसतं उकडलेलं चिकन, मग दूध, मग गहू. ज्याने खाज येत नाही ते त्याच्या ताटात परत येईल.

बंड्याची_आई
दुधापासून सुरू करू का? सासरे चीजबद्दल विचारत होते.