पत्र्याच्या शेडमधली हत्यारं: गंज आणि उंदीर दोन्ही एकदम कसे थांबवायचे? (नाशिक)

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहितेय, कारण अर्धवट सांगितलं की सल्लेही अर्धवट येतात.

मखमलाबादला आमच्या घरामागं पत्र्याचं शेड आहे, साधारण १० बाय १५ चं, तीन बाजूंना विटांची भिंत, पुढं शटर आणि वर लोखंडी पत्रे. अण्णा अंबडला एमआयडीसीत टूलरूमला होते, रिटायर झाल्यावर त्यांनी इथं छोटं वर्कशॉप मांडलं आणि आता मी तिथं फर्निचर दुरुस्तीची कामं घेते. हत्यारं बरीचशी त्यांचीच, रंधे, पटाश्या, गुण्ये, कानशी, टॅप-डायचा सेट, मायक्रोमीटर, व्हर्निअर, आणि मी घेतलेलं ड्रिल, ग्राइंडर, जिगसॉ. अण्णांच्या मायक्रोमीटरला आजही हात लावला की कळतं किती जपून वापरलाय, म्हणून हे सगळं माझ्या हातात खराब व्हायला नको, एवढंच डोक्यात आहे.

आता प्रॉब्लेम. नाशिकला कुठं एवढा दमटपणा, ते कोकणात असतं, असं लोक म्हणतात. मान्य, इगतपुरी-त्र्यंबकला पडतो तेवढा पाऊस आमच्याकडं पडत नाही, पण जुलै-ऑगस्टची रिपरिप लागली की ऊन दिसत नाही आणि शेडमधली हवा रात्रंदिवस ओलीच राहते. आणि पावसाळा संपला म्हणून सुटका नाही, थंडीत उलट वेगळाच ताप, पहाटे पत्र्याला आतून घाम येतो आणि थेंब थेट बेंचवर पडतात. शिवाय रात्रभर लोखंड गार पडलेलं असतं, सकाळी शटर वर केलं की बाहेरची ऊबदार हवा आत येते आणि गुण्यावर, रंध्याच्या तळावर बारीक दव धरतं. डोळ्यांना जेमतेम दिसतं, पण दोन दिवसांनी तिथंच तांबूस ठिपके. हाताचा घाम लागलेल्या जागी तर बोटांचे ठसेच गंजात उमटतात, घामात मीठ असतं ना.

दुसरीकडं उंदीर. आजूबाजूला द्राक्षाच्या बागा आणि भाजीपाल्याची शेतं. पावसानं बिळात पाणी शिरलं की सगळी वरात आमच्याकडं. ड्रिलची वायर कुरतडली, ड्रॉवरमध्ये रंध्याचा भुसा आणि पुसायची फडकी ओढून घरटं केलं आणि सगळ्यात वाईट म्हणजे कानशींवर मुतून ठेवलं. साधा गंज तेल आणि बारीक पॉलिशपेपरनं निघतो हो, पण उंदराच्या मुतानं जे काळे खड्डे पडतात ते निघतच नाहीत.

माझं खरं अडलंय ते पुढं. उंदरांसाठी फटी बुजवल्या तर आतली ओल आतच कोंडते आणि गंज वाढतो. हवा खेळावी म्हणून वरच्या जाळ्या उघड्या ठेवल्या तर तिथूनच उंदीर येतात. एक केलं की दुसरं बिघडतं. ज्याला विचारावं तो एकाच बाजूचं सांगतो, हार्डवेअरवाला गंजाचा स्प्रे देतो, पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो सगळं पॅक करा.

सध्या काय करते तेही सांगते. काम झालं की पात्यांना मशीन ऑइलचा हात फिरवते. डब्ल्यूडी-४० आहे पण ते पाणी हटवायला चांगलं, त्याचा थर पातळ असतो, महिनोन् महिने पडून राहणाऱ्या हत्याराला पुरत नाही असा माझा अनुभव. खोबरेल तेल लावा असं शेजारच्या काकूंनी सुचवलं, पण त्या वासानं उंदीर अजून येतील म्हणून नको म्हटलं. पिंजरा लावते, सुकट ठेवली की सापडतात. विष मात्र वापरायचं नाहीये, घरात मांजर आहे, आणि बागेतल्या झाडावर घुबडं येतात, विष खाल्लेला उंदीर त्यांनी खाल्ला तर तीही मरतात, आणि तीच तर फुकटात उंदीर मारतायत.

तर ज्यांचं पत्र्याचं शेड आहे त्यांनी प्लीज सांगा: हवा आणि बंदोबस्त दोन्ही कसं जमवलंत? पत्र्याच्या घामावर काय उपाय? आणि मापाची हत्यारं नक्की कशात ठेवायची?

प्रतिसाद: जुना फिटर, सिन्नर

ताई, तुम्ही अख्खं शेड कोरडं करायला बघताय, ते जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. शेडला भरपूर हवा द्या आणि बंद फक्त पेटी ठेवा. जाळ्या काढू नका, बदला. प्लास्टिकची मच्छरजाळी उंदीर एका रात्रीत फाडतो, तिथं पाव इंची वेल्डमेश (तारा वेल्ड केलेली लोखंडी जाळी) लावा, चौकटीला स्क्रू आणि वॉशर मारून. लहान उंदराला पेन्सिल जाईल एवढं भोक पुरतं म्हणून अर्धा इंची जाळी घेऊ नका. भिंतीतली भोकं सिमेंटमध्ये काचेचे तुकडे घालून बुजवा, नुसतं सिमेंट ओलं असताना ते उकरतात. आणि आधी बघा की उंदीरच आहे की घूस. जोत्याजवळ मातीचे ढीग दिसले तर घूस, ती खालून येते, तिला जाळीनं काही फरक पडत नाही. चिचुंद्री असेल तर सोडून द्या, ती किडे खाते, वायरला तोंड लावत नाही.

मापाची हत्यारं रबरी पॅकिंगच्या घट्ट डब्यात, सोबत सिलिका जेल. निळं जेल गुलाबी झालं की भरलं समजायचं, ओव्हनमध्ये १२० डिग्रीला दोन-तीन तास तापवलं की परत निळं. मायक्रोमीटरची तोंडं एकमेकांना टेकवून ठेवू नका, किंचित अंतर ठेवा, नाहीतर मधे ओल धरते. मोठी हत्यारं व्हीसीआय कागदात (गंज रोखणारी वाफ सोडणारा कागद) गुंडाळा, टूलरूममध्ये तुमच्या अण्णांनी नक्की वापरला असेल, त्यांना विचारा.

मिठाचे खडे ठेवा असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, लोखंडाजवळ मीठ नको.

प्रतिसाद: सुतारकाम, पंचवटी

पत्र्याच्या घामाला खालून थर्माकोल मारू नका, उंदीर त्यातच संसार थाटतात. फॉइलवाली बबल शीट पत्र्याखाली ताणून लावा, आणि वर टर्बो व्हेंटिलेटर (वाऱ्यानं फिरून आतली हवा बाहेर काढणारा), त्याच्या खाली परत वेल्डमेश. कपाट फरशीला टेकवू नका, विटांवर चढवा. फरशीतून ओल येतेय का ते बघायला प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं रात्रभर चिकटवा, सकाळी खालून थेंब दिसले की समजा येतेय. आमच्याकडं कपाटात जुना झिरोचा बल्ब असायचा, नाव झिरो पण १२-१५ वॅट खातो, कपाट बाहेरच्यापेक्षा जरा ऊबदार राहिलं की दव धरत नाही. एलईडी झिरोचा उपयोग नाही, तो तापत नाही. फक्त बल्बजवळ भुसा, फडकी काही नको.

अजून एक, साफ करताना कोरडं झाडू नका ताई. लेंड्या आणि मूत यावर ब्लीचचं पाणी मारा, थोडा वेळ थांबा, हातमोजे घालूनच पुसा. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तापाचा आजार) उंदराच्या मुतातून होतो, आणि पावसाळ्यात हाताला पटाशीची बारीक जखम असतेच.

धागाकर्ती

दोघांनाही मनापासून धन्यवाद! शेडला हवा, पेटी बंद, हे वाचल्यावर एकदम मोकळं वाटलं, मी दोन्ही गोष्टी एकाच भिंतीत शोधत होते. अण्णांना विचारलं, त्यांनी लगेच व्हीसीआय कागदाचा तो बदामी रंग सांगितला आणि आतली बाजू कुठली तेही, आणि वर म्हणाले की हत्यार पुसून कोरडं केल्याशिवाय गुंडाळायचं नाही. ब्लीचचं मला माहितीच नव्हतं, हातमोजे आजच आणते. जोत्याजवळ ढीग नाहीत, म्हणजे उंदीरच.

आता एकच अडलंय. शटर वर जिथं गुंडाळलं जातं तिथल्या पेटीच्या दोन्ही टोकांना चांगली दोन बोटं जातील एवढी फट आहे, आणि मला वाटतं खरा रस्ता तोच, कारण लेंड्या तिथल्या अँगलवरच दिसतात. शटर फिरतं म्हणून तिथं जाळी ठोकता येत नाही. खाली रबर लावलं तर कुरतडतील. कोणी पत्रा कापून किंवा ब्रशची पट्टी लावून ही जागा बंद केली आहे का? फोटो असेल तर फार मदत होईल, फॅब्रिकेशनवाल्याला तोच दाखवेन.