काजळासाठी सशाचा डोळा कशाला जाळायचा?

पार्लरवाली_दारव्हा:
लग्नसराईत एका कॉलेजच्या मुलीनं क्रीमच्या डबीवरचं सशाचं चित्र दाखवून विचारलं, "काकू, यात ससा टाकतात का?" मी सांगितलं, उलट आहे, प्राण्यांवर चाचणी न केल्याची ती खूण. तेव्हापासून मनातून जात नाही. अमेरिकेत १९४४ मध्ये ड्रेझ या शास्त्रज्ञांनी ठरवलेल्या चाचणीत सशाच्या डोळ्यात रसायन टाकून तो किती सुजतो ते दिवसेंदिवस बघायचे. भारतात सौंदर्यप्रसाधनांसाठी हे २०१४ पासून बंद आहे. तशी चाचणी केलेला माल बाहेरून आणायलाही बंदी आहे. औषधाचं वेगळं, पण लिपस्टिकसाठी मुक्या जीवाचा छळ मला पापच वाटतो.

कृषीकेंद्र_घाटंजी:
ताई, राग नका मानू, पण मले नाही पटलं. फवारणीच्या बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण रायते, तो उंदरावरच्या चाचणीवरून ठरते. उंदराच्या वजनाच्या किलोमागं ५० मिलिग्रॅमच्या आत औषध पोटात जाऊन निम्मे उंदीर मेले तं लाल. वाचता न येणाऱ्या माणसाले मी तोच दाखवून सांगतो, हे जहाल हाये. १९३३ साली अमेरिकेत पापण्या रंगवायच्या रंगानं बायांचे डोळे गेले, मंग १९३८ चा कायदा आला. सशाचा डोळा मोठा का बाईचा?

नर्स_यवतमाळ:
भाऊ, तुमचाच त्रिकोण घ्या. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीनं २० हून जास्त शेतकरी-मजूर दगावले. त्रिकोण होताच ना बाटलीवर? किती पोटात गेल्यावर उंदीर मरतो ते कळलं. पण डोक्याएवढ्या उंच कपाशीत, घामानं भिजलेल्या अंगावर, दोन औषधं मिसळून मारताना माणसाचं काय होतं, ते उंदरानं नाही सांगितलं. मी तेव्हा वॉर्डात होते. आणि कातडीची जळजळ तपासायला आता प्रयोगशाळेत वाढवलेली माणसाची कातडी वापरतात.

आशा_अकोला:
तुम्ही दोघं भांडताय ते लेबलवाल्या मालावर. आठवडी बाजारात बिनलेबलची गोरं करायची क्रीम मिळते, त्याचं बोला. आमच्या अकोल्यात अशाच क्रीममधल्या पाऱ्यानं एका घरातल्या तिघींच्या किडन्या बिघडल्या. पारा विष आहे हे कळायला नवा ससा कशाला? तपासणारा माणूस बाजारात यायला पाहिजे.

कृषीकेंद्र_घाटंजी:
पाऱ्याचं मान्य. पण उद्या नवंच रसायन आलं तं? कातडीचा तुकडा खाज सांगन. किडनीचं, पोटातल्या लेकराचं कोण सांगन? युरोपानं २०१३ ले अशा मालाच्या विक्रीवर बंदी घातली, तरी कारखान्यातल्या कामगारासाठी काही रसायनांची चाचणी जनावरांवर मागतेतच.

पार्लरवाली_दारव्हा:
मग नवं रसायन नकोच. जुन्यात काजळ होत नाही का? बिनलेबलच्या दोन डब्या माझ्याकडेही होत्या, आज फेकल्या. आणि केसांचा रंग लावायच्या आधी मी कानामागे थेंब लावून ४८ तास थांबवते.

कृषीकेंद्र_घाटंजी:
म्हंजे चाचणी गिऱ्हाईकावरच झाली ना, ताई?

पार्लरवाली_दारव्हा:
झाली, पण तिला विचारून. सशाला कोणी विचारलं?

कृषीकेंद्र_घाटंजी:
हे खरं. पण किडनीचं उत्तर राह्यलंच.